कोंडोची रेघ

कोंडो म्फौमेची माणसं पूर्वी गुबगुबीत असत. ब्रशची एकच जाड रेघ, कलिंगडासारखं पोट, बटाट्यासारखं नाक. आमच्या मकुंदानी बंदरावर लोक चहा पिताना दार-एस-सलामची मोठी वर्तमानपत्रं बाजूला सारून आमच्या छोट्या वर्तमानपत्राचं शेवटचं, कोंडोच्या व्यंगचित्राचं पान आधी उघडत. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर मुद्रितं तपासायचो. ज्यांची तो टिंगल करी ते साहेबलोकच मूळ चित्र मागून नेत. नगर अधिकारी शेमाकामेंनी तर कचेरीतली अख्खी भिंत त्यांनी भरून टाकली होती.

"माझ्यावर कुणी चिडत नाही," कोंडो ऐटीत सांगायचा.

मग शेमाकामेंनी मासळीबाजारामागच्या टपऱ्यांवर बुलडोझर घातला. सूचना नाही, काही नाही. चुली पेटलेल्या होत्या. कोंडोची थोरली बहीण म्वाजुमा तिथे मासे तळायची. फळी कोसळली आणि उकळतं तेल तिच्या दोन्ही हातांवर सांडलं.

इस्पितळातून कोंडो तडक कचेरीत आला. त्या दिवशी त्याने ब्रशला हात लावला नाही. टाक घेतला आणि कागद फाटेल इतका दाबून ओढला. बाभळीच्या काट्यांसारख्या रेघा. शेमाकामे ताटावर बसलेत, ताटात मक्याच्या पिठाची उगाली, आणि माशाच्या जागी बाईचा भाजलेला हात. साहेब म्हणताहेत, "मीठ कमी आहे."

संपादक मारवांनी चित्र उलटं ठेवलं. "यात हसायचं काय रे?"

"इतकी वर्षं हसलात ना? आता का दात दुखायला लागले?"

"जरा पोट काढ त्यांना. गोल कर. खपून जाईल."

"खपतं म्हणूनच काढणार नाही!" कोंडोने टेबलावर मूठ आपटली. "लांडग्याला मी लाडोबा करून ठेवलं, मारवा. लोक त्याला घाबरायचे सोडून गालगुच्चे घेत बसले!"

दुसऱ्या दिवशी अंक आला. चित्राच्या जागी कोंडोचंच जुनं चित्र होतं: गोलमटोल शेमाकामे चिखलात घसरताहेत. खाली कोंडोचं नाव. त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. कोंडोने अंक चोळामोळा केला आणि थेट नगर कचेरी गाठली, मी मागोमाग.

"या कलाकार!" शेमाकामे हसले. "चहा घेणार?"

कोंडोने खुर्ची ओढली, तिच्यावर चढला आणि भिंतीवरची चित्रं एकेक उतरवू लागला. शिपाई धावले, काचा फुटल्या, त्याला फरफटत बाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत नोकरीही गेली.

म्वाजुमाची बोटं आखडली ती आखडलीच. तळणीवाल्या बायकांनी धक्क्यापलीकडे पुन्हा चुली मांडल्या. कोंडो आता त्यांच्यासाठी चित्रं काढतो. त्या बायका चित्रांच्या प्रती काढून टपऱ्यांवर चिकटवतात. नगरपालिकेची माणसं फाडतात, या पुन्हा चिकटवतात. गिऱ्हाईक चित्र बघून फिस्सकन हसतं, मग गप्प होतं, मग शिव्या देतं.

"पूर्वीची चित्रं गोड होती रे," म्वाजुमा एकदा म्हणाली.

"हो ना ताई," कोंडो टाक बुडवत म्हणाला, "साहेबांना फारच गोड लागली."

शेमाकामे अजून खुर्चीत आहेत.