डावा हात

“घोड्याच्या पायाला हात लावल्याशिवाय मी सकाळचा चहा घेत नाही,” असं मामा एकदा म्हणाले होते, आणि ते छापूनही आलं होतं.

खरंच होतं ते. मामा शर्यतीच्या घोड्यांचे ट्रेनर. अडतीस वर्षं रोज उजाडताना ते प्रत्येक घोड्यापुढे उकिडवे बसत आणि गुडघ्याखालची शीर डाव्या हातानं चाचपत. उजवा हात दोर ओढून राठ झालेला, त्याला ऊब कळत नसे. शीर गार असली तर घोडा मैदानावर, कोमट असली तर आत. पाचशेच्या वर शर्यती त्यांच्या घोड्यांनी जिंकल्या. “दूध उतू गेलेलं मात्र या हाताला कळत नाही,” मामी म्हणायच्या.

मामांचा सत्कार ठरला, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एका तांबड्या घोडीबद्दल सांगितलं. तिला सांभाळणारा मोतद्दार तिला ‘नवरी’ म्हणे, कारण मैदानावर न्यायचं तर रोज तिची समजूत काढावी लागे. बावीस वर्षांपूर्वी, सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या सकाळी, तिची शीर कोमट लागली.

“मालक, आज नको,” मोतद्दार म्हणाला.

“बर्फ आण,” मामा म्हणाले.

तपासायला आलेल्या डॉक्टरांना पाय गार लागला. घोडी जिंकली. रेषेपुढे शंभर पावलांवर शीर तुटली आणि तिला तिथंच सुई देऊन संपवावं लागलं. चौकशीत मामा म्हणाले, “सकाळी मी पाय बघितला नव्हता. मोतद्दारानं मला काही सांगितलं नाही.” त्यानंतर मोतद्दाराला कुठल्याच तबेल्यानं उभं केलं नाही.

“त्याला बोलावलंय,” मामा मला म्हणाले. “उद्या सगळ्यांसमोर खरं सांगतो. बावीस वर्षं मी त्याच्या गल्लीतून गेलेलो नाही.”

चषक हातात आल्यावर मामा बोलायला उभे राहिले. “त्या घोडीच्या सकाळी मी…” एवढं म्हणून थांबले.

पुढच्या रांगेतला म्हातारा जॉकी म्हणाला, “त्या दिवशी चहा आधी घेतलात वाटतं, साहेब.”

सभागृह हसलं. मामाही हसले. थोडंच, पण हसले. मी मान खाली घातली.

शेवटच्या रांगेत मोतद्दार उठला. केस पांढरे झालेले, सदरा इस्त्रीचा. “साहेबांचा दोष नाही,” तो म्हणाला. “पाय मी बघितला होता. सांगायचं राहिलं माझ्याकडून.” बिथरलेल्या जनावराशी बोलावं तसा तो हळू बोलत होता, आणि बघत होता फक्त मामांकडे.

लोकांनी त्याच्या प्रामाणिकपणाला टाळ्या वाजवल्या.

मामांनी चषक टेबलावर ठेवला. पायऱ्या उतरले. त्याच्या खुर्चीपाशी क्षणभर थबकले. डावा हात कोटाच्या खिशात होता, तो बाहेर आला नाही. मग खांद्यानं दार ढकलून ते निघून गेले.