मिठाआधी मासे

आमच्या कोळत्तूरमध्ये इळंगो अण्णांइतका अस्वस्थ माणूस नाही. स्वतःच्या लग्नातही ते मध्येच उठून माशांना खाणं घालून आले होते. घर बदलताना त्यांनी समुद्री मासे खाऱ्या पाण्यासकट बादलीत भरून पहाटेच नव्या दारात आणले. पण त्यांच्या आई, अम्मा, आडव्या आल्या. नव्या घरात आधी मीठ जातं, आणि मिठाचा डबा टेम्पोत कपाटामागे अडकलेला.

"अम्मा, हवेच्या पंपाची बॅटरी संपतेय. मरतील ते."

"बायकोची एवढी काळजी केली असतीस तर..."

दुकानं बंद होती. सामान उतरवायला आलेला मी शेजारून मीठ आणतो म्हणालो, तर अम्मा मलाच म्हणाल्या, "नव्या घरात उसनं मीठ? शाळेत हेच शिकलास?"

अण्णांच्या येरझाऱ्या चालूच होत्या. एक नारिंगी मासा आडवा झाला, तसे ते थांबले आणि त्यांनी बादली अम्मांपुढे धरली.

"चाखून बघ."

अम्मांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ जास्त झालंय," म्हणत त्या बाजूला सरल्या. "उजवा पाय आधी."

अण्णांनी आत जाऊन पंप विजेवर लावला आणि बादलीपाशी उकिडवे बसले. मासा सरळ होईपर्यंत गृहप्रवेशाचं दूध उतू घालायलाही ते उठले नाहीत.