दिव्याखालचा धूर

सगळी गल्ली त्यांना हॉलिवूड मास्तर म्हणायची आणि मास्तरांनाही ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला! शिलाई मशीनच्या वर भिंतीवर हॉलिवूडच्या एका जुन्या नटाचा मोठा फोटो होता: तिरकी हॅट, ओठांच्या कोपऱ्यात सिगरेट आणि टेबलावरच्या दिव्याच्या उजेडात रेंगाळणारा धूर. मिसरूड फुटायच्या वयात मास्तरांनी त्याला पडद्यावर पाहिलं आणि ते जे फिदा झाले, ते केस पिकले तरी शुद्धीवर आले नाहीत. गिऱ्हाइकाने साधा कोट मागावा आणि मास्तरांनी त्याला नटाचे रुंद खांदे लावावेत. गोल पोटाचा बेकरीवाला त्या कोटात कपाटासारखा दिसे, पण मास्तर खूश.

सिगरेटचंही तेच. खरं तर त्यांना ती आवडतच नव्हती. ते झुरका म्हणून घेत नसत. पेटवायची, ओठात अडकवायची आणि काम करता करता जळू द्यायची. त्या नटाभोवती रेंगाळतो तसा धूर आपल्याभोवती रेंगाळावा, एवढाच हट्ट. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्याच दिव्याखाली बायको काजं-बटणं करत बसे. ती अधूनमधून उठून खिडकी उघडायची आणि मास्तर लगेच लावून घ्यायचे.

"अगं, वारा आला की धूर मोडतो!"

ती हसायची, हाताने तोंडापुढचा धूर बाजूला करायची आणि पुढचं काज हातात घ्यायची.

बायकोचा खोकला हटेना म्हणून एक दिवस दोघं दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीचा एक्सरे उजेडावर धरला. फुप्फुसं पार कामातून गेली होती. "कारण कळलं तर उरलंय तेवढं तरी सांभाळता येईल," त्या म्हणाल्या. "घरात कोणी सिगरेट ओढतं?"

"छे, मी ओढत नाही," मास्तर बोलून गेले.

शब्दशः पाहिलं तर ते खरंच होतं, आणि त्याची त्यांना तिथल्या तिथे शरम वाटली. बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "स्वयंपाकाचा धूर असेल हो. आमचं स्वयंपाकघर कोंदट आहे."

"मग तिकडे जाऊच नका. पुढच्या खोलीत बसत जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मास्तर आलेच आहेत तर म्हणून त्यांनी त्यांचीही छाती तपासली. "तुमची मात्र ठणठणीत आहे!"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येताच त्यांनी नटाचा फोटो उतरवला. फोटोमागे होती तेवढीच भिंत पांढरी राहिली होती. बाकीची चहा सांडल्यासारखी पिवळी झाली होती. ते त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघतच राहिले.

"लावा तो परत," बायको म्हणाली. "त्या बिचाऱ्याने काय केलंय?"

"त्याने नाही, मी केलंय. तू डॉक्टरांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? आमचे हे ओढत नाहीत, नुसते पेटवून छान दिसतात, असं?" ती हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना.

मास्तरांनी खिडकी सताड उघडली आणि दवाखान्यात फोन लावला. "मी खोटं बोललो," ते म्हणाले. "धूर माझाच होता. पुढच्याच खोलीत होता." पलीकडून डॉक्टरीणबाई एकेक विचारत गेल्या. मास्तर मान खाली घालून सांगत गेले, खिडकीचंसुद्धा सांगितलं.

फोन ठेवला तेव्हा बायको खुर्चीत अंग आकसून बसली होती. "अहो, आता खिडकी लावा ना. थंडी वाजतेय."

मास्तरांचा हात कडीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. इतकी वर्षं तिला न विचारता लावलेली खिडकी आज ती सांगत असूनही त्यांना लावता येईना. त्यांनी अंगातला कोट काढला आणि तिच्या अंगावर घातला. त्या रुंद खांद्यांत ती फारच लहान दिसत होती.