डावीकडून तिसरा डबा

आमच्या ऑफिसात जुन्या फायली दर महिन्याला पुसल्या जातात. किस्से पुसायचं काम मात्र कुणाकडेच नाही, म्हणून ते साठत गेलेत. त्यातले बरेचसे एकट्या दीपालीचे आहेत.

आमचं काम तसं साधं. यंत्रांची माहितीपुस्तकं आमच्याकडे येतात. आम्ही मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला टॅग लावतो. हा धडा, हे चित्र, ही धोक्याची सूचना. मग हवा तो तुकडा काढायचा असला, की एक्सपाथ नावाच्या भाषेत कॉम्प्युटरला वाट सांगायची: पुस्तकातून धड्यात जा, धड्यातून सूचनेत जा. बाहेरच्यांना यात गंमत काय ते कळत नाही. त्यांनी आमच्यात चार दिवस बसून बघावं.

दीपाली बजाजनगरची. वडील वाळूजला एका कारखान्यात कायम रात्रपाळीला. पोरगी नोकरीत कायम झाली, की ते रात्रपाळी सोडणार, असं घरात ठरलं होतं. हे तिनं पहिल्याच दिवशी मला सांगितलं, त्यामुळं तिच्या प्रोबेशनचं टेन्शन तिच्याइतकंच मलाही आलं.

*

तिला शिकवायला होते अन्वरभाई. सिल्लोडचे, आमच्यातले सगळ्यात जुने. त्यांनी फळ्यावर झाड काढलं. या भाषेत नातीच असतात. वरचा तो पालक, खालची लेकरं, शेजारची भावंडं, पालकाच्याही वरचे ते पूर्वज.

दीपालीनं सगळं उतरवून घेतलं आणि विचारलं, "भाई, मामा कुठंय यात? आमच्यात मामाशिवाय काय व्हत नाय."

अन्वरभाईंनी फळ्याकडं नीट पाहिलं. "इसमें एक को एकीच पालक रहता, बेटा, समझो बाप. काका निकलता. पर माँच नै, तो मामा किधर से आएगा?"

दीपालीला त्या झाडाची फार दया आली.

*

या भाषेत दोन तिरप्या रेघा दिल्या, की अर्थ होतो: कुठंही असेल, शोध. वेळ लागतो, पण सापडतं. अन्वरभाई म्हणतात, त्यांच्या बेगम गेली कित्येक वर्षं हीच भाषा बोलतात. चष्मा कुठंय, विचारलं की उत्तर एकच: "घर में किधर बी होगा, देखो."

*

एकदा साहेबांना हुक्की आली. आमचे साहेब म्हणजे शिस्तीचं प्रकरण. हसताना मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांनी स्वतः एक वाट टाइप केली. उत्तर आलं रिकामं. पुन्हा टाइप केली. रिकामं. साहेबांनी इंटरनेटवाल्याला फोन लावून झाडलं. तो बिचारा येऊन वायर बदलून गेला. तरी रिकामं.

शेवटी अन्वरभाई हळूच म्हणाले, "साब, गलत गली में गए तो ये चिल्लाता नै. चुपचाप खाली हाथ आता."

त्या दिवशी साहेबांनी चहा केबिनमध्येच घेतला.

*

दीपालीची पहिली मोठी चूक मात्र महागात पडली असती. एका पंपाच्या पुस्तकात प्रत्येक धड्यातला तिसरा परिच्छेद धोक्याचा होता. तिनं कॉम्प्युटरला सांगून टाकलं: तिसरा उचल, लाल त्रिकोणात टाक. इतक्यात कंपनीनं एका धड्यात वर एक परिच्छेद वाढवला. सगळं एक घर खाली सरकलं. तपासणीच्या प्रतीत लाल त्रिकोणात छापून आलं: "धोका! आमचा पंप निवडल्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत."

साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, आवाज न चढवता. "आणखी एकदा असं झालं, तर कायम करायचा विषय संपला."

दीपाली मला म्हणाली, "ताई, बाबांना सांगू नका." मी कशाला सांगते? पण त्या रात्री मलाही झोप लागली नाही.

*

आणि आठवड्यातच डब्याचं झालं. दिवाळीला साहेबांनी सगळ्यांना एकसारखे स्टीलचे डबे दिले होते. फळीवर पहिला माझा, दुसरा अन्वरभाईंचा, तिसरा दीपालीचा. साहेब घरी जेवायला जायचे. त्या दिवशी डॉक्टरांनी पथ्य सांगितलं म्हणून त्यांनीही तसलाच डबा आणला आणि नेमका मधे घुसवला, तिसऱ्या जागी.

दीपालीनं सवयीनं तिसरा उचलला. बिनमिठाची दुधी! पोरगी गुमान खात राहिली. तिला वाटलं, आई रागावलीय. तोवर साहेब उरलेला डबा घेऊन केबिनमध्ये गेले होते. त्यात भाकरी, भरली वांगी आणि ठेचा. डबा परत आला तो चाटूनपुसून.

अन्वरभाईंनी प्रत्येक डब्यावर नावाची पट्टी चिकटवली. "अब जगह से नै, नाम से ढूंढने का."

दीपालीनं स्वतःच्या डब्यावरची पट्टी वाचली. मग जागेवर जाऊन तिनं सगळ्या वाटा बदलल्या. तिसरा परिच्छेद नको, ज्यावर धोक्याचा टॅग आहे तोच दे.

*

प्रोबेशनचा शेवटचा दिवस. साहेबांनी तीच पंपाची फाइल आणली, मुद्दाम जागोजागी परिच्छेद वाढवून. दीपालीनं वाट चालवली. सगळे धोके जागच्या जागी. आभार एकही नाही.

साहेब म्हणाले, "हं." आणि आत गेले.

जेवणाची वेळ झाली तरी दीपाली हलेना. "ताई, ते कायच बोलले नाय. बाबांना काय सांगू?" मी उगाच कीबोर्ड झटकायला घेतला. अन्वरभाईही चष्मा पुसत बसले.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. फळीपाशी गेले. स्वतःच्या डब्यावरची नावाची पट्टी नखानं सोलली. दीपालीचाही डबा घेतला, तिची पट्टी काढून आपल्या डब्यावर चिकटवली आणि तो डावीकडून तिसरा ठेवला. तिचा डबा काखेत मारून निघाले.

केबिनच्या दारात थांबले.

"दीपाली, आईला म्हणावं, उद्यापासून कायम ठेचा जरा जास्त दे."