ग्लासातली धार

आमच्या सासऱ्यांना जगातल्या बहुतेक माणसांचा तिटकारा होता आणि माणसाची लायकी ते हनुवटीवरून ठरवत. दाढी वाढलेला माणूस त्यांच्या लेखी आळशी. न्हाव्यापुढे गाल धरणारा त्याहून वाईट, मिंधा. शेणव्याजवळच्या आमच्या गावात सगळे त्यांना दादा म्हणत. तालुक्याच्या कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले; पण सकाळी ओट्यावर आरसा टांगून बसले की कचेरीतले साहेबही त्यांच्यापुढे गबाळे वाटावेत.

नव्वदच्या सुमाराला मी लग्न होऊन टोकावड्याहून या घरात आले. त्यांच्याकडे वडिलांचा पितळी रेझर होता. बोथट झालेलं पातं ते फेकत नसत. काचेच्या ग्लासात जरा पाणी घालून पातं आतून काचेला चिकटवायचे, दोन बोटांनी दाबून मागेपुढे घासायचे, मग उलटून दुसरी बाजू. त्या आवाजानं माझे दात आंबायचे. एवढा चिक्कू माणूस मी माहेरी पाहिला नव्हता.

माझ्या नवऱ्यानं एकदा शहापूरहून वापरून फेकायचे रेझर आणले. दादांनी एक उलटसुलट करून बघितला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "बटाटे सोलायला घे."

माझा भाऊ पहिल्यांदा मला भेटायला आला तेव्हा त्यानं नुकतीच दाढी राखली होती. मोठ्या हौसेनं आला होता बिचारा. दादांनी पाणीही न विचारता त्याला विचारलं, "घरात कोन गेलं काय?" भाऊ जेवला, पण मान वर केली नाही. त्या दिवसापासून दादा माझ्या मनातून उतरले. चहा द्यायचे, बोलायचं मात्र कामापुरतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी दादांना लकवा झाला. उजवा हात गेला, जीभ तेवढी शाबूत राहिली. गालावर पांढरे खुंट वाढले तसे ते भिंतीकडे तोंड करून पडू लागले. कोणी भेटायला आलं की चादर नाकापर्यंत ओढायचे. शेवटी नवऱ्यानं गावातल्या सलूनवाल्या पोराला बोलावून आणलं. पोरगा गुणी होता, पेटी उघडून अदबीनं बसला. दादांनी त्याला नीट न्याहाळलं.

"तुझ्या आज्याचा हात माझ्या बापाच्या गालाला लागत नव्हता. इटाळ व्हायचा त्याला. म्हनून माझ्या बापानं ममईहून ह्यो रेझर आनला. इथं पाती मिळत नव्हती, तवा ग्लासात घासाय शिकला."

पोरगा खाली बघत म्हणाला, "दादा, मला म्हाईत नाय ते."

"कसं असंल? तुमच्या घरात कोन सांगल?"

ते ओरडले नाहीत. पोरानं पेटी मिटली, दादांच्या पायाला हात लावला आणि गेला. माझा नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोक्यावरचा पदर कमरेला खोचला, ग्लास घेतला आणि पातं घासायला बसले. सासऱ्याच्या गालाला सुनेनं हात लावायची आमच्याकडे रीत नव्हती. फेस लावला, पहिला हात फिरवला. दादा डोळे मिटून म्हणाले, "म्हस भादरतेस काय गो?"

मग दर दोन दिवसांआड दाढी आणि दाढीएवढ्याच शिव्या. दाबू नको, केसाच्या दिशेनं घे, तुझ्या टोकावड्यात पानी तापवत नाय काय. कौतुकाचा शब्द मरेपर्यंत नाही. फक्त मी रेझर उचलला की ते आपणहून मान वर करायचे आणि गळा माझ्यापुढे मोकळा सोडायचे.

ते गेले तेव्हा गाल पुन्हा खरखरीत झाले होते. आंघोळ घालायच्या आधी भावकीतलं कोणीतरी म्हणालं, सलूनवाल्याला बोलवा, पटकन होईल. मी नको म्हटलं. पातं काचेवर घासलं, दोन्ही बाजूंनी. दारात माणसं खोळंबली होती, बुद्धवंदना घेणारे घड्याळ बघत होते. मी घाई केली नाही.