दगडांचा कोर्स

"भाऊसाहेब, तुम्ही मघापासून जेवढे कोर्स सांगितलेत, ते सगळे आपल्याच शहरात आहेत," मी म्हणाले.

भाऊसाहेब जरा हसले. "आता आपल्या शहरात सगळंच मिळतंय म्हणल्यावर बाहेर कशाला बघायचं, मॅडम?"

त्यांच्या शेजारच्या खुर्चीत साक्षी बसली होती. बारावी सायन्स, मार्क उत्तम. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. वडिलांनी आधी लॉ म्हणून पाहिलं, मग फार्मसी, मग इंजिनिअरिंग. प्रत्येक कोर्सचं नाव घेतलं की ते लगेच कॉलेज कुठल्या रस्त्याला आहे आणि वाळूजच्या घरून बस कुठं बदलावी लागते तेही सांगत. कोर्समध्ये शिकवतात काय, यावर मात्र त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

मी प्रवेश सल्लागार आहे. निराला बाजाराजवळ माझं लहानसं ऑफिस आहे. आधी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायचे. आता मुलांना कुठला विषय घ्यावा, कुठं अर्ज करावा, मुलाखतीला कसं बसावं हे सांगते. ऐकायला सोपं वाटतं. पण निम्मा वेळ मुलांना काय हवंय हे आईवडलांच्या आवाजातून वेगळं काढण्यात जातो.

"साक्षी, तुला काय शिकायचंय?"

तिनं वडिलांकडं पाहिलं, मग टेबलाकडं. "जिऑलॉजी."

"म्हणजे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"दगडांचा अभ्यास, पप्पा."

भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. आता मॅडमच हिला समजावतील, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मी साक्षीला म्हटलं, "दगडच का?"

मग ती बोलायला लागली आणि थांबेना. गंगापूरकडं काकांच्या शेतात विहीर खोदली तेव्हा ती लहान होती. वर काढलेल्या दगडांच्या ढिगात एक काळा दगड फुटून पडला होता, आणि त्याच्या पोटात पोकळी, आणि त्या पोकळीत हिरवट पाण्यासारखे दिसणारे चौकोनी स्फटिक. तेव्हापासून ती असे दगड गोळा करते. अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवते. अजिंठ्याला शाळेची सहल गेली तेव्हा सगळी पोरं चित्रं बघत होती आणि ही भिंतीचा कातळ कसा आहे ते बघत मागं राहिली, म्हणून सर ओरडले होते.

"ह्या स्फटिकांना आपल्याकडं गारगोटी म्हणतात," ती म्हणाली. "पण सगळ्या गारगोट्या एक नसत्यात, मॅडम."

दक्षिणेत एक मोठी विज्ञान संस्था आहे. पाच वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स, म्हणजे बीएस्सी आणि एमएस्सी एकत्र. देशभरातून मुलं अर्ज करतात, घेतात अगदी थोडी. तिथली एक अट लोकांच्या लक्षात येत नाही. अर्ज करतानाच एक विषय ठरवावा लागतो. त्याच विषयाची लेखी परीक्षा, त्याच विषयाची मुलाखत. आत गेल्यावर बदल नाही.

त्यामुळं माझ्याकडं येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, गर्दी कमी कुठल्या विषयाला? मी सांगते की तो हिशोब करू नका. कमी गर्दीच्या विषयाला जी मुलं येतात ती त्या विषयाची वेडी असतात. नुसतं नाव लावायला आलेलं मूल मुलाखतीत लगेच उघडं पडतं.

साक्षी वेडी होती. मी भाऊसाहेबांना तसं स्पष्ट सांगितलं. नोकऱ्या कुठं असतात तेही सांगितलं: पाणी, खाणी, धरणं, बोगदे.

"लांब हाये," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी साक्षीकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "भरा मॅडम. पोरीला पायजे तर भरा."

अर्जासोबत एसओपी द्यावं लागतं. हा विषय मला का शिकायचाय, ते आपल्या शब्दांत एक पानभर लिहायचं. साक्षीनं विहिरीबद्दल लिहिलं. मला त्यात फार काही बदलावं लागलं नाही.

अर्जाची मुदत संपायला आठवडा राहिला असताना ती एकटीच ऑफिसात आली.

"मॅडम, विषय बदलायचाय. कम्प्युटिंग टाका."

"का?"

"स्कोप हाये त्याला."

हा शब्द माझ्या खोलीत रोज येतो. पण साक्षीच्या तोंडून तो पाठ केल्यासारखा आला. त्या संस्थेत सगळ्यात जास्त गर्दी कम्प्युटिंगलाच असते. तिथली लेखी परीक्षा म्हणजे गणिताच्या स्पर्धा परीक्षांत मुरलेल्या मुलांचा खेळ. साक्षीचं गणित चांगलं होतं, पण त्या तोडीचं नव्हतं. आणि जुने पेपर मीच तिला दिले होते, त्यामुळं तिलाही ते पक्कं माहीत होतं.

"ठीक. मग एसओपी नवीन लागेल," मी म्हटलं.

दोन दिवसांनी तिनं आणून दिलं. मोठमोठी वाक्यं होती, पण त्यात ती कुठंच नव्हती. मी कागद बाजूला ठेवला.

"साक्षी, तिथं तुझा नंबर लागणार नाही. माहितीये ना?"

तिनं तो कागद परत आपल्याकडं ओढला.

"माहितीये," मग म्हणाली. "म्हणूनच टाकायचंय."

मला कळलं नाही. मी तसं म्हटलंही.

"मॅडम, आई जाऊन चार वर्षं झाली. पप्पा कंपनीत सुपरवायझर हायेत. सेकंड शिफ्ट असली की घरी यायला उशीर होतो. मी जेवण गरम करून समोर बसते तर जेवतात. मी मामाकडं गेले होते तेव्हा शेजारच्या काकूनं दिलेला डबा तसाच राहायचा. तिनंच सांगितलं मला." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मी जात नाय म्हणलं तर पप्पा आयुष्यभर म्हणतील, माझ्यामुळं राहिली पोरगी. नंबरच लागला नाय तर कुणाचंच काय नाय. प्रयत्न केला, झालं नाय. मग इथंच कुठंतरी घेईन."

इतकी वर्षं मी मुलांना प्रवेश मिळावा म्हणून विषय निवडायला मदत केली. मिळू नये म्हणून विषय निवडणारी ही पहिलीच.

"आणि दगड?"

"ते काय, घरी ठेवलेत की," ती म्हणाली, आणि ओढणीनं डोळे पुसले. मी पाण्याची बाटली सरकवली.

आमच्या कामात एक पथ्य असतं. मुलानं एकट्यानं सांगितलेलं आईवडलांच्या कानावर घालायचं नाही. मी साक्षीला म्हटलं, तू वडिलांना हे सांग. ती नाही म्हणाली. मग मी एवढंच सांगितलं की फायनल सबमिशनला दोघांनी यायचं. तसा माझा नियमच आहे, सगळ्यांसाठी.

रविवारी दोघं आले. भाऊसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली.

"विषयाचा रकाना रिकामा आहे. काय टाकू?"

"दगडाचाच की," भाऊसाहेब म्हणाले.

"कम्प्युटिंग," साक्षी त्याच वेळी म्हणाली.

भाऊसाहेबांनी तिच्याकडं वळून पाहिलं. "का गं?"

"स्कोप हाये पप्पा."

"कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणत्यात."

ते तिच्याकडं बघत राहिले. मी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"साक्षी, त्या दिवशी मी लॉ म्हणलं, फार्मसी म्हणलं," भाऊसाहेब सावकाश बोलायला लागले. "त्यातलं मला एक कळत नाय. मला फक्त संध्याकाळी घरी येणारी पोरगी पायजे होती. कोर्स कुठला का असंना. ह्या मॅडमना ते पहिल्याच दिवशी कळलं. मला घरी जाताना बसमधी कळलं."

"पप्पा, तसं नाय..."

"तसंच हाये. जुने पेपर बघून तूच म्हणली होतीस, कम्प्युटिंगला आपला नंबर लागत नाय. आता तू बी तेच करायलीस." त्यांनी खुर्ची तिच्याकडं वळवली. "तू राहिलीस तर मला एकट्यानं जेवायची सवयच व्हायची नाय. आज ना उद्या तू सासरी जाशील, तेव्हा करावीच लागंल. तू शिकायला गेलीयस म्हणून केली तर मला जमंल. दुसऱ्या कशापायी केली तर नाय जमायचं."

साक्षीनं मान खाली घातली. भाऊसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "टाका मॅडम."

मी साक्षीकडं पाहिलं. अर्ज तिचा होता. तिनं मान हलवली, तेव्हा जिऑलॉजी टाकलं.

लेखी परीक्षा चांगली गेली. मुलाखतीनंतर तिचा फोन आला.

"एक दगड हातात दिला, मॅडम. मला ओळखू आला नाय. मी म्हणलं, नाव माहीत नाय, पण दिसतंय ते सांगते. मग सांगत गेले. ते विचारत गेले."

"किती वेळ?"

"घड्याळ बघायचं राहिलं."

यादी लागली तेव्हा साक्षी वेटिंगवर होती. वेटिंग म्हणजे वरच्या कुणी जागा सोडली तरच आपला नंबर. कधी यादी पुढं सरकते, कधी जागची हलत नाही. इथल्या कॉलेजात बीएस्सीचा प्रवेश मी तिला घेऊन ठेवायला लावला. त्या दिवसांत भाऊसाहेबांचा रोज फोन यायचा. "हलली का, मॅडम?" पोरगी इथंच राहावी म्हणून शहरातली कॉलेजं मोजणारा हा माणूस आता तिच्या जाण्याची वाट बघत होता. एका दुपारी यादी हलली. मी फोन करून सांगितलं. पलीकडं मशीनचा आवाज येत होता.

"बरं," ते म्हणाले. फोन मात्र ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

साक्षी गेली. माझं काम तिथं संपलं. फी दिलेलं कुटुंब प्रवेशानंतर सहसा परत येत नाही.

भाऊसाहेब आले. दिवाळीच्या आधी, दौलताबादच्या रस्त्यावरून घेतलेली सीताफळं घेऊन. घरचं विचारलं. माझा मुलगा हैदराबादला नोकरी करतो. त्याच्या खोलीत आम्ही आता कपडे वाळत घालतो, असं मी म्हणाले.

"माझ्या घरी दोनच खोल्या," ते म्हणाले. "तरी तिच्या टेबलावर मी काय ठेवत नाय."

"जेवता ना वेळेवर?"

"जेवतो. टीव्ही लावून बसतो समोर. बातम्यावाला बोलत राहतो." मग जरा पुढं सरकून त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही भूगोल शिकवायच्या ना? तिच्या कॉलेजात स्ट्राइक चाललाय का? काल फोनवर म्हणली, दिवसभर डोंगरात स्ट्राइक करत होतो. मी नुसतं व्हय व्हय म्हणलं. आमच्या कंपनीत स्ट्राइक झाला होता तेव्हा लई हाल झाले होते. रात्रभर झोप नाय मला."

मला हसू आलं, पण मी ते आवरलं. टेबलावरचं एक पुस्तक मी तिरकं धरलं. "हा खडकाचा थर समजा. जमिनीत असा कललेला असतो. ह्या कललेल्या पानावर सरळ आडवी रेघ ओढली, तर ती रेघ ज्या दिशेला जाते, ती दिशा म्हणजे स्ट्राइक. आणि थर किती कललाय ते डिप. दोन्ही मोजून घेतात. म्हणजे आत थर कुठं गेलाय ते कळतं."

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. स्वतः तिरकं धरून पाहिलं. बोटानं रेघ ओढली.

"म्हणजे संप नाय."

"नाही."

"ती सांगत असती मॅडम, पण मला कळत नाय म्हणल्यावर लवकर ठेवती फोन. म्हणती, जाऊ द्या पप्पा, तुम्ही दमला असाल." त्यांनी पुस्तक नीट जागेवर ठेवलं. "असलं दोन-चार माहीत असलं तर जरा वेळ बोलती."

तेव्हापासून ते अधूनमधून येतात. शब्द घेऊन येतात, समजून घेतात, जातात. मी फी घेत नाही.

आता माझ्या पहिल्या बैठकीत मी एक प्रश्न वाढवलाय. मुलाला काय आवडतं, मार्क किती, कुठं अर्ज करायचा हे सगळं झालं की मी आईवडलांना विचारते, हा गेल्यावर संध्याकाळी तुम्ही काय करणार? बरेच जण म्हणतात, त्याचा कोर्सशी काय संबंध? मी थोडं थांबते. बहुतेक वेळा त्यांच्यातलंच कुणीतरी बोलायला लागतं.