कपाटातली दुसरी बाई

चष्मेवाला मुळातच काळजीखोर. काच घासून फ्रेममध्ये बसवली, तरी गिऱ्हाईक दाराबाहेर पडेपर्यंत याचा जीव खालीवर. पण त्या दुपारी दुकान लवकर बंद करून तो घरी आला, तेव्हाची काळजी वेगळीच होती. आज बायकोला गाणं ऐकवायचं होतं.

लग्नापासून दोघं जोडीनं गायची, तो खालच्या सुरात, ती वरच्या. गाणं रेकॉर्ड करायला कपड्यांच्या कपाटात माइक टांगून, कोट आणि पांघरुणांत अंग चोरून उभं राहायचं, म्हणजे रस्त्यावरचा गोंगाट आत येत नसे. नियम एकच. दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. तो थांबला की तिनं सूर धरून ठेवायचा, ती थांबली की त्यानं. मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज परतला, पण घोगरा. गायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले, तरी तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. विषय काढला की ती भांडी आपटायची.

म्हणून या शहाण्यानं परस्पर उद्योग केला. कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर घेतलं. आपण एकट्यानं गायचं, त्यातूनच ते वरचा सूर तयार करून देतं, हवा तर बाईच्या आवाजात. उत्साहाच्या भरात अख्खं गाणं झालं आणि मग त्याचं धाबं दणाणलं. आपल्यावाचून काही अडत नाही, असं तिला वाटलं तर? मग ती कायमचीच गप्प. लपवायचीही सोय नव्हती. "कपाटात एकटेच काय करता हो?" असं तिनं सकाळीच विचारलं होतं.

तिनं हेडफोन लावून गाणं शेवटपर्यंत ऐकलं. तो नखं खात उभा.

"ही कोण?"

"कोणी नाही गं. मीच. मशीननं बाई केलेला."

"बाई म्हणून बऱ्या आहात," ती म्हणाली. हसली मात्र नाही. "पण दोघं एकदमच श्वास घेताय. गाण्याला भोकं पडलीत."

खरंच की! वरचा सूर त्याच्याच गाण्यातून निघालेला. तो थांबला की ती मशीनची बाईही थांबत होती. इतक्यांदा ऐकूनही हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. काळजीतून कान मोकळे झाले तर ना.

ती उठली. हेडफोनची लांब वायर ओढत कपाटात शिरली. "तेवढ्या जागा भरते. जास्त काही मागू नका."

त्यानं गाणं लावलं. पहिल्या जागी तिचा आवाज घाबरत आला. पुढच्या जागी तुटला. त्यानंतर मात्र लागला, आणि जागा संपली तरी ती थांबली नाही, ओळ पुरी करूनच थांबली. त्याला रडू आवरेना. समोरचा कॉम्प्युटरचा पडदा दिसेनासा झाला.

"आलं का नीट?" कपाटातून विचारणा झाली.

त्यानं चष्मा पुसून पाहिलं. रेकॉर्डिंगचं बटण दाबायचंच राहिलं होतं. इतक्या दिवसांनी ती गायली आणि आपण माती खाल्ली.

"अगं... दाबायचंच राहिलं."

मग दार किलकिलं झालं. संपलं सगळं, आता ही बाहेर येणार, असं त्याला वाटलं.

"मग लावा पुन्हा," ती म्हणाली. "आणि आधी त्या बाईला बंद करा."

तिनं दार आतून ओढून घेतलं.